हिंगोलीकडची शेवटची रांग

हिंगोलीहून परत आल्यावर वसतिगृहात सगळ्यांनी पहिल्यांदा एकच विचारलं, औंढ्याचं देऊळ पाहिलं का? नाही पाहिलं. एसटी जाताना आणि येताना औंढ्यावरून गेली, दोन्ही वेळा गर्दीतून खिडकीपाशी वाकून कळसाचा तुकडा दिसला, तेवढाच. बाकी जे पाहिलं ते सांगायला लागलो की माझा आवाज चढतो. खोलीतला मित्र म्हणाला, "तू सांगायलास का भांडायलास?" म्हणून लिहून काढतो आहे. लिहिताना तरी आवाज चढणार नाही असं वाटतं. खात्री नाही.

मी नांदेडला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव औशाकडचं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला, त्यामुळे कुणी छापील कागद हातात दिला की मला अजूनही त्याचा धाक वाटतो. हिंगोलीचा वेगळा जिल्हा होऊन अजून फार वर्षं झालेली नाहीत. शाळाशाळांतून अपंग मुलं शोधायची मोहीम निघाली होती, आणि आम्हा विद्यार्थ्यांना एकेक गाव वाटून दिलं होतं. मला जवळा बाजारच्या पलीकडचं एक छोटं गाव आलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्या माणसाविषयी लिहिणार आहे त्याच्या घरी मी तीन दिवस जेवलो आहे.

पहिला दिवस : बाळापूर, हिंगोली, जवळा बाजार

आखाडा बाळापूरला गाडी थांबली तेव्हा थंडी अंगातून गेली नव्हती. हॉटेलात गरम भजी आणि सोबत तळून मीठ लावलेल्या अख्ख्या मिरच्या मिळाल्या. आमच्याकडे भज्यांबरोबर मिरची एखादी देतात, इथे मूठभर. शेजारी बसलेल्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याने माझी पिशवी, पिशवीतले कागद नि माझी इस्त्री बघितली आणि विचारलं, "मास्तर होऊन राहिले का?" मी हो म्हणालो. "मंग एखांदा आमच्या गावाला द्या. आमचा हाये, पर पगाराच्या दिवशीच दिसते." हॉटेलातले सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा मला राग आलेला नव्हता.

हिंगोलीच्या कचेरीत कारकुनाने माझ्या गावाची यादी दिली. यादीत सात मुलांची नावं आधीच भरलेली होती, शाळेनेच पाठवलेली. प्रत्येक नावापुढे चार रकाने होते: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद. "तुम्ही फक्त तपासायचं," ते म्हणाले, "प्रश्नांचा कागद जोडलाय तो विचारायचा, पालकांचा अंगठा घ्यायचा, सात फॉर्म आणून द्यायचे." मला ते सोपं वाटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, की आपल्याला फार काही ठरवायचं नाही.

जवळा बाजारला बाजाराचा दिवस होता. कापसाच्या गाड्या रस्त्यावर अशा लागल्या होत्या की एसटीला थांबायला जागा मिळेना. त्या गावच्या शाळेचे गुरुजी सायकल घेऊन मला न्यायला आले होते. पन्नाशीचे, बारीक, जाड मिशांचे. माझी पिशवी त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतली. रात्री त्यांच्या घरी काकूंनी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि कारळाची चटणी वाढली आणि मी तिसरी भाकरी नको म्हटल्यावर त्या गुरुजींना म्हणाल्या, "पोरगं लाजून राहिलं, तुमी जरा तिकडं तोंड करा." गुरुजींनी खरंच भिंतीकडे तोंड केलं. मी तिसरी भाकरी खाल्ली. अशा घराविषयी वाईट लिहिणं सोपं नसतं, एवढंच सांगायचं आहे.

दुसरा दिवस : शाळा

शाळा दोन खोल्यांची. चार वर्ग, दोन मास्तर, त्यातले एक त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेलेले. म्हणजे चारही वर्ग गुरुजींकडे. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि गुरुजी दारात उभे राहून दोन्हीकडे ओरडायचे. मला त्यांची कीव आली.

मुलं जमिनीवर पट्ट्या अंथरून बसत. कोण कुठे बसणार हे ठरलेलं होतं. दर चाचणीनंतर मार्कांप्रमाणे रांगा लावायच्या. पहिल्या रांगेत पहिले पाच, मग पुढचे पाच, आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, 'ढ'ची रांग. मुलंच ते सहज सांगत होती, "मी तिसऱ्या रांगेचा, हा ढ मधला." आमच्या शाळेतही असंच होतं. मी पहिलीपासून पहिल्या रांगेत बसलो आणि ती जागा आपण मिळवली आहे असं मला वाटायचं. माझा थोरला भाऊ शेवटच्या रांगेत होता. तो बोलताना अडखळायचा. वाचायला उभा केला की वर्ग हसायचा, म्हणून मास्तर त्याला रोज उभा करायचे. पाचवीत त्याने शाळा सोडली. घरी आम्ही म्हणायचो, त्याला डोकं नाही. मीही म्हणायचो.

यादीतले सातही जण शेवटच्या रांगेत होते. एक मुलगा पोलिओचा, त्याचं काही तपासायला लागलं नाही. (तो गणितात बरा होता, तरी मागे का, असं विचारल्यावर कळलं, दार मागे आहे, तिथे बसवलं की त्याची ने-आण सोपी जाते.) एकाचा डोळा गेलेला. बाकी पाच जणांपुढे शाळेनेच 'मतिमंद'वर खूण केली होती. त्या पाचात सारजा होती. तिसरीत, वय दहा, दोन घट्ट वेण्या, आणि नजर सारखी माझ्या तोंडावर.

मी प्रश्नांचा कागद उघडला. तुझं नाव काय, विचारताना मी तिच्याकडे बघत होतो. तिने लगेच, जरा मोठ्याने आणि जरा जाड आवाजात सांगितलं, "सारजा किसन." पुढचे प्रश्न मी कागदावर बघून वाचले, चुकू नये म्हणून कागद तोंडाजवळ धरून. आठवड्याचे वार सांग. गप्प. गाईला किती पाय? गप्प. ती मान वाकडी करून कागदाच्या खालून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, ही चाळे करते आहे. "एवढंच येते तिला," गुरुजी म्हणाले. "नावाच्या पुढं गाडी न्हाई. गरीब लेकरू हाये, तरास न्हाई तिचा." मी 'मतिमंद'वरच्या त्यांच्या खुणेवर माझ्या पेनाने बरोबरची खूण केली. खाली सही केली. सुवाच्य.

तिसरा दिवस : मेंढ्यांचा वाडा

सहा मुलांच्या घरचे अंगठे गावातच मिळाले. सारजाची आजी गावात होती, पण आईबाप मेंढ्या घेऊन बाहेर, आणि दिवस रविवारचा म्हणून सारजाही त्यांच्याकडे गेलेली. दिवाळीनंतर कापूस निघाला की मेंढपाळ रानात उतरतात. शेतकरी त्यांना आपल्या वावरात बसवून घेतात, मेंढ्यांचं खत होतं, मेंढपाळाला ज्वारी मिळते. वावरातल्या त्यांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. आमच्याकडे मेंढ्या येतात त्या रस्त्याने पुढे जाताना दिसतात, त्यांच्या मुक्कामावर मी कधी गेलो नव्हतो.

गुरुजींची सायकल घेऊन निघालो. दोन कोसांवर बाभळीचा काटा लागून चाक बसलं. मग सायकल हातात धरून तुरीच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, चालत गेलो. वाड्याजवळ आल्यावर दोन कुत्री अशी धावून आली की मी सायकल मध्ये धरून उभाच राहिलो. तरी एकाने पँटचा पाय फाडलाच. एक बाई धावत आली, कुत्र्यांना दगड उगारला, आणि माझी फाटकी पँट बघून तोंडाला पदर लावून हसली. "शिकलेला माणूस हाये, त्याह्यला वास वेगळा लागला." ही सारजाची आई, गयाबाई. तिने मला घोंगडीवर बसवलं आणि शेळीच्या दुधाचा चहा दिला. तो उग्र लागतो असं ऐकलं होतं. मला आवडला.

सारजाचा बाप किसन बांधावर उभा होता. मेंढ्या लांब, ओढ्याच्या पलीकडे, आणि त्यांच्यामागे ठिपक्याएवढी सारजा. किसनने काठी दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली. पलीकडे सारजाने मेंढ्या वळवल्या. त्याने काठी खाली टेकवून एक हात कोपरात मुडपला आणि हलवला. सारजाने इकडे तिकडे पाहिलं, तसाच हात मुडपून दाखवला आणि मग एका बाभळीकडे बोट केलं. किसन मला म्हणाला, लंगडी मेंढी कुठं हाये विचारलं, ती म्हणते बाभळीखाली बसली. मी विचारलं, ओरडत का नाही? तो म्हणाला, वारं असते, आवाज जात न्हाई, त्यांच्याकडे आज्यापासून सगळे काठीनेच बोलतात.

थोड्या वेळाने सारजा आली. माझ्याकडे पाठ करून आईशेजारी बसली. मी म्हणालो, "सारजा, मला ओळखलंस का?" ती भाकरी मोडत राहिली. मी पुन्हा म्हणालो. गयाबाईने तिच्या गुडघ्याला हात लावला, तिचं तोंड माझ्याकडे वळवलं, आणि मग मला म्हणाली, "आता इचारा. मागून बोललेलं तिला ऐकू येत न्हाई, दादा. समोरून बोलायचं असते."

मी उठलो. मग तिच्यासमोर बसलो, तोंडापुढे काही न धरता, हळू, कालचेच प्रश्न विचारले. तिने वार सांगितले. गाईचे पाय सांगितले आणि आईकडे बघून काहीतरी पुटपुटली. गयाबाई हसायला लागली. "म्हणते, ह्याला गाय म्हाईत न्हाई का?"

मी विचारलं, हे शाळेत सांगितलं होतं का. "सांगितलं की," गयाबाई म्हणाली. "नाव घातलं तवाच सांगितलं. लहानपणी गोवर झाला, कान वाहत होते, तवापासून. गुर्जी म्हणले, बरं."

गुरुजी म्हणाले, बरं.

माझ्या पिशवीत तिचा फॉर्म होता. त्यावर अंगठ्याची जागा रिकामी होती. किसनने हात पुढे केला, कुठं लावू म्हणाला. त्याला वाचता येत नव्हतं. मी त्याला काय लिहिलं आहे ते सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. त्याने लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात आखडून घेतला. "हे कुनी लिवलं?" मी म्हणालो, गुरुजींनी. मग म्हणालो, आणि मी. गयाबाईने माझ्यासाठी केलेली भाकरी फडक्यात बांधून दिली. मला ती खाता आली नाही, आणि परतही देता आली नाही.

तोच दिवस, संध्याकाळ

परत येताना सायकल ढकलत मी मनात भाषण तयार करत होतो. घरात आल्यावर ते सगळं गेलं आणि मी नुसता ओरडलो. मोठ्या माणसावर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. तुम्हाला माहीत होतं, म्हणालो. तीन वर्षं माहीत होतं. काकू चुलीपासून उठल्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

गुरुजी शांत होते. त्यामुळे मला जास्त राग आला. ते म्हणाले, आईने सांगितलं होतं, व्हय. पहिलं वर्ष त्यांनी तिला पुढे बसवलंही होतं. पण चाचणी झाली, रांगा लागल्या, तिला मार्क पडले नाहीत, ती मागे गेली. मागे गेल्यावर अजून पडले नाहीत. "पुढच्या रांगेत पाटलाचा नातू बसते. त्याला उठवून हिला बसवू का? दुसऱ्या दिवशी पाटील शाळेत येते. अन् साहेब तपासणीला आले का पुढच्या रांगेलाच इचारते. ती रांग बराबर पाहिजे. मागच्याकडं कोनी जात न्हाई."

"मग निदान मतिमंद तरी लिहायचं नव्हतं," मी म्हणालो.

"काय लिहू? मूकबधिर? मंग तिला परभणीला न्हाईतर कुठंतरी वसतिगृहाच्या शाळेत टाका म्हनतीन. बाप धाडील का? मतिमंद लिवलं तर निदान इथंच बसून राह्यते." ते थांबले. "अन् निकालात धरत न्हाईत."

शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं, पण मी ऐकलं. ज्या मुलीला मार्क पडणार नाहीत तिला आधीच कमी धरायचं, म्हणजे शाळेचा निकाल बरा दिसतो. मी फॉर्म पुन्हा पुन्हा बघितला. चार रकाने. एका रकान्यात गेली तर शाळेतून जाणार, दुसऱ्यात गेली तर शाळेत राहून कुणाच्याच हिशेबी नसणार. या मुलीला पुढे बसवा आणि तिच्याकडे तोंड करून बोला, एवढं लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. त्याला पैसा लागत नाही, डॉक्टर लागत नाही, साहित्य लागत नाही. एक पट्टी पुढे सरकवायला लागते आणि फळ्यावर लिहून झालं की वळायला लागतं. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या माणसांना जे शिकवावं लागलं नाही ते आम्हाला दोन वर्षांचं डी.एड. करून कळत नाही. आणि माझी सही सुवाच्य होती.

मी गुरुजींना एकच मागितलं. उद्या सकाळी सारजाला माझ्यासमोर पुढे बसवा. ते म्हणाले, "उद्या तू बसवशील. परवा तू नांदेडला असशील. परवापासून मी काय करू, ते सांग." त्याचं नीट उत्तर मला अजूनही येत नाही. एका माणसाला चार वर्ग देणारे, आणि मागच्या रांगेकडे न जाणारे साहेब, त्या खोलीत नव्हते. तिथे फक्त गुरुजी होते, म्हणून माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला.

जेवण झालं. काकूंनी भाकरी वाढली. कुणी कुणाला आग्रह केला नाही.

चौथा दिवस : शाळा, मग हिंगोली

सकाळी मी सारजाला पहिल्या रांगेत, पाटलाच्या नातवाशेजारी बसवलं. तो नाक मुरडून सरकला. गुरुजी शुद्धलेखन सांगायला उभे राहिले. नेहमीसारखे दाराकडे बघत पहिला शब्द म्हणाले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वळून तिच्यासमोर उभे राहिले. त्यांच्या जाड मिशांमुळे तिला ओठ नीट दिसेनात, ती उठून गुडघ्यावर बसली. पाच शब्दांतले दोन तिने बरोबर लिहिले. दोनच. मी तिसरा शब्द चुकीचा बघून निराश झालो, तेव्हा गुरुजी पाटी हातात धरून उभेच होते. "हिची पाटी मी कधी बघितलीच न्हाई," ते म्हणाले. मला त्यांच्याशी चांगलं बोलायला हवं होतं.

हिंगोलीच्या कचेरीत मी सहा फॉर्म दिले. (त्यातल्या चार 'मतिमंद' मुलांना मी कागद खाली ठेवून पुन्हा प्रश्न विचारले होते. दोघांबद्दल मला आजही नक्की सांगता येणार नाही, आणि ते फॉर्मवर मी तसंच लिहिलं.) कारकुनाने मोजले, यादी बघितली.

"सातवा?"

"सातवी मतिमंद नाही," मी म्हणालो.

"मग मूकबधिर का?"

"तिला कमी ऐकू येतं. पुढे बसवलं तर ती शिकते."

"त्याला रकाना नाही. दोन्हीतलं एक सांगा, मला यादी वर पाठवायची आहे."

मी म्हणालो, ती तिसरीत आहे, तेवढं लिहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागे रांग लागली होती, त्यांनी तिच्या नावावर रेघ मारली आणि पुढच्याला बोलावलं. मी जिंकलो की तिचं नावच पुसून आलो, हे मला परतीच्या पूर्ण प्रवासात कळलं नाही. कळमनुरीपर्यंत उभा होतो. बाळापूरला गाडीतून उतरलो नाही.

नंतर

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी गुरुजी काही कामासाठी नांदेडला आले आणि माझ्या वसतिगृहाचा पत्ता शोधत आले. काकूंनी दिलेली कारळाची चटणी त्यांनी पिशवीतून काढून दिली. मी खाली बघत चहा आणायला गेलो. आम्ही पायरीवर बसलो. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले की सारजाला त्यांनी पुढेच बसवलं आहे. पाटील एकदा येऊन गेला. मिशा जरा कातरल्या आहेत, काकू हसतात.

"पर तपासणीच्या दिवशी," ते म्हणाले आणि थांबले.

मला पुढचं कळलं. मी म्हणालो, मागे बसवली.

"साहेब फाट्यावर आले म्हून निरोप आला. मी तिला हातानं खूण केली, मागं जा. पाटलाच्या नातवाच्या बाजूला दुसरं हुशार पोरगं तिच्या जागी बसवायला आणून उभं केलं. म्हनलं एकच दिवस हाये." त्यांनी कप खाली ठेवला. "ती माझ्याकडं बघत बसली. उठलीच न्हाई."

"तिला खूण कळली नसेल," मी म्हणालो.

"मेंढपाळाची पोर हाये ती. कळली. बराबर कळली," गुरुजी म्हणाले. "म्हून तर उठली न्हाई."